तीन गिअर मागे, एक पुढे

घोटावड्याची शेवटची घरं ओलांडल्यावर कुशाबाने तिसरा गिअर टाकला आणि गाडी वेगाने उलटी धावू लागली. तो आसनावर वळून बसला होता. एक हात स्टिअरिंगवर, मान पूर्ण मागे. मागच्या हौद्यात त्याची आई, सारजाबाई, भाताच्या पोत्यांना टेकून पडली होती. तिचं तोंड त्याच्याकडे होतं. तिच्या डोक्यावरून त्याला रस्ता दिसत होता. तीन दिवस तिच्या छातीत घरघर चालली होती, आणि आज सकाळी ओठ निळे पडले होते. पौडचा दवाखाना सात मैलांवर होता.

गाडी त्याने गोठ्यात बांधली होती. लढाईच्या वेळची जीप, लष्कराच्या लिलावातून आणलेली, बिनइंजिनाची. तिच्यात त्याने धाकट्या भावाचं, गेणबाचं, पाण्याचं इंजिन बसवलं. नदीवरून उसाला पाणी चढवणारं, संथ फिरणारं, आठ घोड्यांचं. मागे सागाच्या फळ्यांचा हौदा केला. बैल बाहेर बांधून चौदा महिने काम चाललं. त्यात एकच चूक झाली. हँडल मारायची बाजू पुढे हवी, म्हणून त्याने इंजिन फिरवून बसवलं. त्याबरोबर फिरण्याची दिशाही उलटली. तिन्ही गिअर गाडीला मागे नेऊ लागले. मागे जायचा गिअर तेवढा पुढे नेई, तोही माणसाच्या चालीने. नथू लोहार म्हणाला, मागच्या चाकांचा आस पालथा करून बसवला की सुटेल, दोन दिवसांचं काम आहे. भाताची झोडणी उरकली की करू, असं ठरलं होतं. झोडणी अजून चालू होती.

गावाने गाडीला हडळ म्हटलं, कारण तिचे पाय उलटे. पौडच्या वाटेवरच्या भरे गावचा हैबतराव पारावरून हाक मारायचा, "कुशाबा, आलायस का निघालायस?" तिच्यात बसायला कोणी धजत नसे. आजही आईजवळ बसायला कोणी आलं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी श्रावणात गेणबाचं आतडं अडकलं होतं. चौघांनी त्याला डोलीत घालून पौडला नेलं. पुढचा दांडा कुशाबाच्या खांद्यावर होता. पाऊस होता, म्हणून डोलीवर घोंगडी घातली होती. डोली उचलली की पुढच्याने मागे बघायचं नाही, बघितलं तर दुखणं परत फिरतं, अशी रीत. सात मैल त्याने मान वळवली नाही. दवाखान्याच्या पायरीवर घोंगडी काढली तेव्हा गेणबा गार झाला होता. केव्हा गेला, असं कंपाउंडरने विचारलं. चौघांपैकी कोणी वाटेत घोंगडी उचलून बघितलं नव्हतं. कंपाउंडरने वहीत लिहिलं: वाटेत.

सारजाबाईला तो शब्द पुरला नाही. भाकरी थापताना, वैरण टाकताना ती मध्येच थांबायची.

"कुटं गेला रं त्यो? पानी मागितलं आसंल का त्यानं?"

पुढच्या वर्षी त्याने जीप आणली. डोलीला साडेतीन तास लागत. गाडीला पाऊण तास पुरेल, असं तो सगळ्यांना सांगायचा.

आता इंजिन ठोके देत होतं आणि धूर गाडीच्या तोंडाकडून सुटून मागे राहत होता. चाक खाचेत गेलं की सारजाबाईचं डोकं एका अंगाला पडे आणि पुन्हा सरळ होई. कुशाबा रस्ता बघत होता. रस्ता बघायचा तर तिलाही बघावं लागत होतं. मागे न बघण्याची रीत या गाडीत पाळता येत नव्हती.

तिने डोळे उघडले.

"तुजं त्वांड माझ्याकडंच हाय की रं."

"व्हय, आये."

भऱ्याच्या अलीकडे ओढा लागला. तिथे त्याने गाडी थांबवली. इंजिन बंद केलं नाही. आसनाखालचा तांब्या घेऊन तो पाण्यापर्यंत उतरला आणि परत वर आला. हौद्यात चढला.

बऱ्याच वेळाने तो पुन्हा आसनावर येऊन बसला. ओढ्याकाठच्या मोकळ्या जागेत त्याने गाडी फिरवली आणि तिचं तोंड पौडकडे केलं. मग पुढे नेणारा तो एकुलता गिअर टाकला. गाडी चालीने निघाली. आता त्याची मान सरळ होती.

भऱ्यात पारावरची माणसं उठून उभी राहिली. हडळ सरळ चाललेली त्यांनी कधी बघितली नव्हती. हैबतरावाने विचारलं, आज हडळ सुलटी झाली का, आणि एवढ्या चालीनं जायचं तर बैलगाडीनंच का नाही निघालास. कुशाबाने त्याच्याकडे बघितलं नाही. एक कुत्रं गाडीच्या बरोबरीने बरंच लांब चालत आलं.

ओढ्यापासून पौडला पोचायला दीड तास लागला. कंपाउंडर तोच होता. त्याने सारजाबाईचं मनगट धरलं, सोडलं, आणि तो कुशाबावर चिडला. ही गाडी पळते, हे त्याने ऐकलं होतं. उलटी तर उलटी, पळवायची होती. माणूस आत असताना कोणी अशी चालीनं आणतं का, असं तो म्हणाला. कुशाबा पायरीवर उभा होता. त्याच्या हातात रिकामा तांब्या होता.

कंपाउंडरने वही उघडली. सारजाबाईचं नाव घातलं आणि पुढचा शब्द न विचारताच लिहायला घेतला.

"वाटेत न्हाई," कुशाबा म्हणाला. "भऱ्याच्या ओढ्यावर. पानी मागितलं. म्या दिलं."