हलका करंट

वायरमनच्या तळपायाची जखम वर्ष उलटलं तरी भरायचं नाव घेईना. रक्तातल्या साखरेने पाय पार बधिर झाला होता. सर्जनने पाऊल काढण्याची भाषा सुरू केली, तेव्हा बायको त्याला दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्या म्हणाल्या, "पोटरीवर पट्ट्या लावून नसांना हलका करंट देऊन बघू. औषधं, ड्रेसिंग चालूच राहील. खात्री मात्र देत नाही."

बायको बिथरली. "जन्मभर करंटपासून जपा म्हणून मी कानीकपाळी ओरडले, आणि आता आपणहून घ्यायचा?"

"अगं, त्याची माझी जुनी ओळख आहे," वायरमन विजार गुडघ्यापर्यंत सरकवत म्हणाला. "तो मला दगा द्यायचा नाही."

हळूहळू जखमेच्या कडा गुलाबी दिसू लागल्या. एका सकाळी बायको नेहमीसारखी जखम पुसत होती, आणि त्याने झटकन पाय मागे घेतला.

"हळू गं. दुखतंय."

तिचा हात तिथेच थांबला. ड्रेसिंग करताना हूं की चूं करत नाही म्हणून येणारेजाणारे त्याच्या सहनशक्तीचं कौतुक करायचे. पण ही जखम झाली त्या दिवशी तळव्यात खिळा घुसलेला असताना हा माणूस दिवसभर कामावर हिंडला होता, आणि संध्याकाळी फरशीवर उमटलेलं रक्त तिनेच त्याला दाखवलं होतं.

तिने कापूस खाली ठेवला.

"परत म्हणा बरं," ती म्हणाली.