भाल्याचा थेंब

"दारू घेता का?" रक्त तपासायच्या लॅबमध्ये फॉर्म भरणाऱ्या मुलीनं विचारलं.

"घ्यायचो. इथंच."

ती हसली नाही. माझं टाळकंच सटकलं. आमची मयूर परमिट रूम बंद करून इथं लॅब थाटली, वर असले प्रश्न! तिची खुर्ची आहे तिथं मी आणि माझा दोस्त भाल्या बसायचो. शिवण्णा वेटर न विचारता दोन क्वार्टर आणि उकडलेले शेंगदाणे आणायचा. बार बंद झाला. वर्षभरात भाल्याही वारला.

तिनं बोट टोचलं. थेंब आला. पहिल्या घोटाआधी गेलेल्यांच्या नावानं दारूचा थेंब उडवायचो, तसा सवयीनं मी तो जमिनीवर झटकला.

"अहो काका, हे काय!"

"तो भाल्याचा," मी दुसरं बोट पुढं केलं. "आता माझा घे."