पाळकसाहेबांचा नवा झगा

बिशपची गाडी चर्चच्या फाटकाशी येऊन थांबली, तेव्हा कुठे शिंपीणबाई पुडकं घेऊन उगवली. पाळकसाहेबांनी ते घाईघाईने फाडलं. आतून नव्या झग्याची एकच बाही निघाली. "बाकीचा झगा कुठाय?" त्यांचं तोंड पांढरंफटक पडलं. बाई ढिम्म हलली नाही. गेल्या महिन्यात तिने यांचेच पाय धरले होते, "यावेळचा दशांश माफ करा, आईच्या औषधाला पैसे नाहीत." "देवाचा दहावा हिस्सा आधी, औषध मागून," म्हणत यांनी हात पुढे केला होता. वर पदरचं कापड घालून फुकट झगा शिवायची सेवाही गळ्यात मारली होती. औषधावाचून आई गेली. "माझ्या कामातला दहावा हिस्सा दिलाय, साहेब. तेवढाच तुमचा." "अगं, पण उरलेला?" "आईच्या अंगावर आहे," ती सावकाश म्हणाली. "परवा शवपेटीवर हात ठेवून, प्रार्थना म्हणून तुम्हीच तर मातीआड केलात."