शेवटचं मत

अठराव्या शतकातल्या व्हर्जिनियाच्या एका गावात मत चारचौघांत मोठ्याने सांगायचं आणि उमेदवाराने उठून, हात हातात घेऊन आभार मानायचे, अशी रीत. डॉक्टर थॅडियस निवडणुकीला उभे होते. त्यांची आणि प्रतिस्पर्ध्याची मतं सारखी झाली आणि शेवटी सुतार अब्नर पुढे आला.

"माझं मत डॉक्टरसाहेबांना! माझ्या बायकोचा, मर्सीचा, ताप उतरावा म्हणून शीर कापून रक्त काढायला प्रचाराच्या भरसभेतून धावत आले होते. ती गेली ते तिचं नशीब; यांनी काही कसूर केली नाही!"

सभेला परतायच्या घाईत तिच्या शिरेवरची पट्टी सैल राहिली आणि रक्त वाहतच गेलं, हे फक्त डॉक्टरांना ठाऊक होतं. त्यांनी अब्नरचा हात धरला. "माफ कर रे मला," एवढंच तोंडातून निघालं.

"बघा, निवडून आला तरी गर्व नाही!" म्हणत लोकांनी त्यांना खांद्यावर उचललं.


पहिला खांदा अब्नरने दिला.