वास्तुशांतीचं गाऱ्हाणं

"आई राहील. तुम्ही सोमवारच्या एस.टी.ने गावी निघा," चंद्रप्रकाश म्हणाला आणि नारळाची शेंडी नीट करू लागला.

मुलुंडच्या नव्या ब्लॉकची वास्तुशांत नुकतीच आटोपली होती. होमाचा धूर अजून सगळ्यांच्या डोळ्यांत होता. पाहुणे बाहेरच्या खोलीत दाटीवाटीने बसले होते, आणि आत स्वयंपाकघरात लेकाने बापाला घराबाहेर काढायला नेमका हाच मुहूर्त गाठला होता.

"आई कित्याक ऱ्हवतली?" दत्तारामांनी विचारलं.

"अनुपमाचं बाळंतपण आहे. आई लागेल ना."

"आणि मी?"

"तुम्ही काय करणार इथे? दिवसभर खोकायचं, आणि येईल त्याला गिरणीचा संप सांगत बसायचं. दोनच खोल्या आहेत, बाबा. गावाला अख्खं घर मोकळं पडलंय."

दत्तारामांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घाटकोपरची खोली विकली म्हणून हा ब्लॉक उभा राहिला, आणि ती खोली त्यांची होती. ते बायकोकडे वळले. "आयकलंस? जन्मदात्या बापाक असा कोण घालवता?"

जानकी शिऱ्याच्या पातेल्यावर वाकली होती. ती पातेलं जरा जास्तच जोरात खरवडू लागली.

"आता तमाशा नको," चंद्रप्रकाशने नारळ त्यांच्या हातात कोंबला. "बाहेर आमचे साहेब बसलेत. गाऱ्हाणं घाला आणि आटपा. आणि जमलं तर जरा शुद्ध बोला."

"देवाक तुझा शुद्ध कळणा नाय," दत्ताराम म्हणाले आणि बाहेर गेले.

भटजींनी कितीही मंत्र म्हटले तरी घरच्या वडीलधाऱ्याने गाऱ्हाणं घातल्याशिवाय कोकणी माणसाची पूजा पुरी होत नाही. एकाने देवाकडे मागायचं, आणि बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून त्यावर शिक्का मारायचा. तेवढा वेळ त्या म्हाताऱ्याला मध्येच थांबवायची कोणाची छाती नसते. चंद्रप्रकाशचीही नव्हती, आणि दत्तारामांना ते पक्कं ठाऊक होतं. देवापुढे नारळ धरून त्यांनी घसा खाकरला.

"बा देवा म्हाराजा! आज तुझ्या लेकरान नवी जागा घेतली हा, ती गोड मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" खोली दणाणली.

"सुनेक दिवस गेले हत, तिका सुखरूप मोकळी कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" साहेबांना आता गंमत वाटू लागली होती. तेही हात जोडून ओरडत होते.

"तिका वंशाचो दिवो, झील होवंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

दत्तारामांनी मान वळवून मुलाकडे रोखून पाहिलं. "आणि तो झील अगदी बापाशीसारखो निपजूंदे! ह्येणा आपल्या बापाशीक जसो ठेवल्यान, तसोच तो ह्येका ठेवूंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. चंद्रप्रकाशच्या तोंडूनही ते सगळ्यांबरोबर निघून गेलं. मग त्याचं तोंड उघडंच राहिलं. दाराशी उभ्या असलेल्या अनुपमाने पदर पोटावर घट्ट ओढून घेतला आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"वा! काय गोड भाषा आहे हो तुमची," साहेब म्हणाले. "शेवटी काय मागितलं?"

"आशीर्वाद, सर," चंद्रप्रकाश म्हणाला. त्याने बापाच्या हातातला नारळ हिसकावलाच, आणि असा आपटला की पाणी साहेबांच्या विजारीवर उडालं.

दत्ताराम आत आले. किती दिवसांनी त्यांची छाती फुलली होती. गावाला जायचं तर जाऊ, पण पोराला जन्मभर पुरेल एवढं देऊन जाऊ, असं त्यांना मनापासून वाटलं.

"बघितलंस? कशी जिरवलंय!" ते जानकीला म्हणाले. "आता भोगूंदे तो. देवासमोर मागितलेला फुकट जाणा नाय."

"नाय जाणा," जानकी म्हणाली. तिने शिऱ्याची बशी भरून त्यांच्यापुढे ठेवली. "मामंजींनी पण घाटकोपरच्या खोलीत नारळ धरून ह्याच मागितल्यानी होता. तुम्ही तेंका गावाक धाडलात ना, बोटीत बसवून, त्या सकाळी."

दत्तारामांचा हात बशीवर थांबला.

"आणि सगळ्यांत मोठ्यान 'व्हय म्हाराजा' तुम्हीच म्हटल्यात."