अर्धा कप

आमच्या घरी चहा अर्धाच कप मिळायचा. पाहुणे असोत, शेजारी असोत की आम्ही मुलं, सगळ्यांना सारखाच. कुणी अजून मागितला तर आई हसून द्यायची, पण ओतायची पुन्हा अर्धाच कप. आत्या तर चपला काढता काढताच ओरडायची, "वहिनी, आज तरी हात आखडता घेऊ नका हं!"

सगळ्यात जास्त थट्टा बाबाच करायचे. दोन्ही हातांनी कप धरून आल्यागेल्याला सांगायचे, "जपून प्या हो, आमच्याकडे एका घोटात तळ दिसतो. बायको महाकंजूष मिळालीय!" सगळे खो-खो हसायचे. आई कप गोळा करायची.

बाबा गेले. आत्या भेटायला आली, तेव्हा आईने चहाचा ट्रे आणून समोर ठेवला. सगळे कप काठोकाठ भरलेले. रडता रडता आत्या थबकली. "वहिनी, आज एवढा भरून?"



"आता कुणाच्या हातून सांडणार आहे, वन्सं? त्यांचा हात थरथरायचा. चारचौघांत त्यांचा एकट्याचाच कप अर्धा कसा ठेवणार होते मी?"