गळती

मगन भोईने होडी दगडांवर टेकवली आणि नदीत सोडायच्या ऐवजी तिच्यातच पाणी ओतायला सुरुवात केली. जुनी होडी अशीच तपासतात. आत पाणी भरायचं, खाली उकिडवं बसायचं आणि थेंब कुठून पडतो ते बघायचं. त्याची बायको ताईबाई तापीतून घागरी भरून आणत होती. वर्षभर ती फारशी बोलली नव्हती.

होडी मूळची त्यांचीच. वर्षापूर्वी हिच्यातून मासे धरायला गेलेला त्यांचा पोरगा योगेंद्र परत आला नाही. दुसऱ्या दिवशी सापडला तेव्हा त्याचे पाय जाळ्यात गुंडाळलेले होते. होडी काठच्या बाभळीत अडकली होती, निम्मी पाण्याने भरलेली. रात्री पाऊसही झाला होता. ते पाणी आभाळाचं की तळातून आलेलं, हे कोणालाच सांगता आलं नाही. मगनने महिन्याच्या आत होडी शेजारच्या गावच्या पंडितला विकून टाकली. मेलेल्याची होडी म्हणून पंडितच्या घरच्यांनी ती पाण्यात उतरवू दिली नाही. ती त्याच्या अंगणात उन्हात पडून राहिली. आता मगनने ती परत विकत घेतली तेव्हा गाव म्हणालं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. गावाला बोलायला काय जातं?

डोकं चांगलं ठिकाणावर होतं. योगेंद्र गेला त्या सकाळी ताईबाई त्याच्यावर फार तापली होती. ठरलेली सोयरीक त्याने मोडली होती आणि चार लोकांत घराचं नाक कापलं गेलं होतं. परत मला तोंड दाखवू नको, असं ती म्हणाली. रागात कोणती आई असं म्हणत नाही? पण या पोराने ते खरंच दाखवलं नाही. होडी गळकी असेल तर पोर अपघाताने गेलं. गळकी नसेल तर आईच्या शब्दाने गेलं. ताईबाईपुरता जगात एवढाच प्रश्न उरला होता, आणि मगनला काही करून त्याचं उत्तर आणून द्यायचं होतं.

ते पहिल्याच दिवशी मिळालं असतं. पाणी भरतं न भरतं तोच होडी जागोजागी पाझरू लागली. ताईबाईने घागर खाली ठेवली, ओंजळ पुढे केली आणि पडणारे थेंब झेलत बसली. तिचा चेहरा इतका सैल झालेला मगनने वर्षात पाहिला नव्हता. तिथेच गप्प राहिला असता तर त्याचं काय बिघडत होतं? पण जन्म होड्यांच्या दुरुस्तीत गेलेला माणूस, त्याला राहवलं नाही.

"हाई खरं नही," तो म्हणाला. "लाकूड सुकेल शे. फुगू दे, मंग समजी."

बोलून गेला आणि तिच्या तोंडाकडे पाहिल्यावर आपली जीभ उपटून टाकावी असं त्याला झालं. तिने ओंजळ झटकली, घागर उचलली आणि पुन्हा नदीकडे निघाली.

लाकूड पाणी पीत राहिलं. तोवर मगनने काठाची कुजलेली फळी बदलली, गंजलेले खिळे काढून नवे ठोकले, नवं वल्हं तासलं. तळाला मात्र त्याने हात लावला नाही. ताईबाई रोज पाणी भरायची आणि रोज होडीखाली वाकून बघायची. आधी एक बाजू गळायची थांबली, मग पुढचं टोक. शेवटी एका सकाळी होडीखालची माती कोरडी ठणठणीत होती. मगनने तळावरून हात फिरवला. ओलसुद्धा लागेना. तळ मूळचा त्यानेच भरलेला. इतकं पक्कं काम त्याच्या हातून क्वचितच झालं होतं, आणि त्याने त्या कामाला आईबहिणीवरून शिव्या घातल्या.

ताईबाई गिरणीवर दळण आणायला गेली होती. आली की ती वाकून बघणारच. मगन घरातून पटाशी घेऊन आला. योगेंद्र बसायचा त्या जागेच्या खालच्या सांधेत त्याने ती घातली, आणि एके काळी स्वतः ठासून भरलेला कापूस आणि डांबर वीतभर उपसून काढलं. ताजं दिसू नये म्हणून वरून चिखल चोळला. पाण्याची धार लागली.

ताईबाईने पिठाचा डबा खाली ठेवला आणि धारेकडे बघितलं. मग ती खाली बसली. सांधेत बोट घातलं आणि बराच वेळ ते तसंच आत ठेवलं.

"हाई सांध तुम्हीच भरेल व्हती ना?" तिने विचारलं.

"हा," मगन म्हणाला. "मीच भरेल व्हती."

"मना पोऱ्याले तुम्ही मारं."

एवढं म्हणून ती रडायला लागली, अशी मोकळी की शेजारच्या बायका हातातली कामं टाकून धावत आल्या. त्यांनाही तिने ती सांध दाखवली आणि ती कोणी भरली होती तेही सांगितलं. बायका एकेक करून वाकल्या, धार बघितली आणि मग मगनकडे बघितलं. तो पटाशी पाठीमागे धरून उभा होता.

संध्याकाळी ताईबाईने चूल पेटवली, भाकरी थापल्या, आणि वर्षभरात पहिल्यांदा पोटभर जेवली. मगनचं ताट तिने वाढलं नाही.